पानाचं शून्य खाली असतं

इमारतीच्या सभेत रकानेसाहेब उभे राहून "आम्हाला नको" असं म्हणाले, तेव्हा टाळ्या पडल्या. त्याच वाक्यावर चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात जे काही पडलं, त्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात नाही.

नको म्हटलं होतं ते पाण्याला. इमारत जुनी, अरुंद आणि उंच. तळमजला आणि वर चार मजले, मजल्यागणिक एकच बिऱ्हाड. पाणी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढायचं आणि तिथून घरोघर उतरायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, टाकीच्या लगेच खाली राहणारा सुखी असेल. पण टाकी अगदी डोक्यावरच टेकलेली असल्यामुळे पाण्याला धावायला जागा मिळत नाही, आणि चौथ्या मजल्यावरच्या नळाला दोऱ्याएवढी धार येते. त्या धारेखाली पातेलं ठेवून रकानेसाहेब वर्तमानपत्र वाचत. अग्रलेख आणि पातेलं साधारण एकदमच संपे, आणि दोन्हींतून हाती फारसं काही लागत नसे.

अशात पाणीखात्याने योजना काढली. जुन्या इमारतींना रस्त्यावरून नवी जाड वाहिनी मिळणार होती. शिवाय प्रत्येक इमारतीतल्या एका, आणि एकाच, बिऱ्हाडाला त्या वाहिनीतून थेट जोड. टाकी नाही, पंप नाही, नळ उघडला की पाणी. हा थेट जोड कुणाला द्यायचा, यासाठी ती सभा होती.

तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, "माझ्या खुर्चीत माणूस तोंड उघडून बसलेला असतो. पाणी गेलं की तो तसाच बसून राहतो. त्याला बोलताही येत नाही आणि मला बोलायला काही उरत नाही."

मुद्दा सगळ्यांना पटला. तरी सगळ्यांच्या नजरा चौथ्या मजल्याकडे वळल्या. मागच्या रांगेतल्या वहिनींनी, म्हणजे रकानेसाहेबांच्या पत्नींनी, नवऱ्याच्या पाठीत बोट खुपसलं. रकानेसाहेबांनी त्याचा अर्थ "उभे राहा" असा घेतला आणि ते उभे राहिले.

"गरज आम्हालाही आहे," ते म्हणाले, "पण मी इमारतीचा सेक्रेटरी आहे. आम्हाला नको."

थेट जोड तळमजल्याला द्यायचं ठरलं. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भांडी आता टाळ्यांनी घासू का?"

"अगं, सेक्रेटरीनेच स्वतःच्या घरात पाणी ओढून घेतलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक आपापल्या घरी अंघोळ करून येतील आणि मग काय ते म्हणतील."

आता रकानेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नोकरीत असताना जो कागद हातात येईल त्यात ते रकाने पाडत, म्हणून हे नाव पडलं. एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या भाषणातसुद्धा त्यांनी गुण आणि दोष असे दोन रकाने पाडले होते, आणि दोषांचा रकाना रुंद निघाला. कॉम्प्युटर आल्यावर त्यांना शोध लागला, की कीबोर्डवर एक आडवी रेघ असते, एक उभी रेघ असते आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे ठेवायला अधिकचं चिन्ह असतं. या तिघांत न मावणारी वस्तू मुळातच नीट बनवलेली नसते, असं त्यांचं मत झालं.

म्हणून योजनेसाठी इमारतीच्या नळांचा नकाशा लागणार असं कळलं, आणि दंतवैद्यांनी "माझ्या ओळखीचा एक आर्किटेक्ट आहे" असं म्हटलं, तेव्हा रकानेसाहेबांना ते लागलं.

"नकाशा मी काढतो," ते म्हणाले. "मुदतीत नाही झाला तर सेक्रेटरीपद सोडतो."

"पाणी सोडलंच आहे," मागून वहिनी म्हणाल्या.

नकाशासाठी ते हातात टॉर्च घेऊन घरोघर फिरले. प्रत्येक घरात त्यांना नळापेक्षा सल्ला जास्त मिळाला. दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, "माझं बाथरूम जरा मोठं दाखवा. उद्या काही फुटलं तर दावा करायला बरं पडतं." पहिल्या मजल्यावर गणिताच्या निवृत्त बाई राहतात. अर्ध्या गल्लीचे गुण त्यांनीच कापलेले आहेत. त्यांनी विचारलं, "तुमच्या रेघा समांतर आहेत का?"

"बाई, कीबोर्डवरच्या आहेत."

"म्हणून तर विचारतेय."

तिसरा मजला बंद असतो. मालक परगावी. त्यांचे नळ रकानेसाहेबांनी दाराच्या फटीतून, अंदाजाने काढले.

आणि नकाशा खरोखर देखणा झाला. पाच मजल्यांच्या पाच चौकटी, एकावर एक. वर गच्चीवरची टाकी, तिच्यात पाणी म्हणून नागमोडी चिन्हांची रांग. बाजूने खाली उतरणारी उभी रेघ, तिच्यातून प्रत्येक चौकटीत शिरणारी आडवी रेघ. तळाशी रस्त्यावरची वाहिनी, आणि तिथून सगळ्यात खालच्या चौकटीत जाणारा थेट जोड. त्यासाठी बरोबरच्या चिन्हांची जाड, दुहेरी रेघ. टाकीवर "टाकी" असं त्यांनी लिहिलं नाही. ज्याला ती टाकी आहे हे कळत नाही त्याने पाणीखात्यात काम करू नये, असं त्यांना वाटलं.

पाणीखात्याच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांच्या समोर "चौकशी करू नये" अशी पाटी नव्हती, पण ती त्यांच्या चेहऱ्यावर होती. त्यांनी छापील कागद वर धरून पाहिला.

"या रेघा तुटक आहेत."

"जवळून पाहिलं तर. लांबून सलग दिसतात."

"आमच्याकडे लांबून बघायची सोय नाही. तुटक रेघ म्हणजे प्रस्तावित, सलग रेघ म्हणजे अस्तित्वात. तुमच्या कागदाप्रमाणे तुमची सगळी इमारत प्रस्तावित आहे."

"आम्ही तीत राहतो."

"राहा ना. आमची काही हरकत नाही. फक्त प्रस्तावित इमारतीला पाणी देता येत नाही." बाईंनी कागद परत सरकवला. "पीडीएफ करून साइटवर चढवा. रेघा सलग पाहिजेत. फोटो काढून, स्कॅन करून आणू नका. नावावर बोट ठेवलं की नाव निवडता आलं पाहिजे. पुढचा."

मागे कुणी नव्हतं, पण रकानेसाहेब बाजूला झाले.

घरी येऊन त्यांनी परगावी असलेल्या मुलीला फोन लावला. ती कॉम्प्युटरवर असं काही काम करते, की ते काय आहे हे विचारायचं आईवडिलांनी सोडून दिलंय.

"बाबा, प्रिंटवर जा आणि पीडीएफ म्हणून सेव्ह करा."

"केलं. रेघा तुटकच राहिल्या, वर वाकड्याही झाल्या. तुझ्या आईचं नाव ज्या ओळीत आहे तिथे भिंत बाहेर आली आहे."

"आईचं नाव कशाला?"

"घर तिचंही आहे."

"बरोबर आहे. मराठी अक्षरं सगळी एका रुंदीची नसतात ना. एखादं जाड, एखादं बारीक. ती पुढच्या रेघेला ढकलतात."

"मग नावं काढून टाकू?"

"नको, वेगळी करा. एका फाइलीत नुसत्या रेघा, दुसरीत नुसती नावं. आणि एक छोटा प्रोग्राम लिहा. तो रेघांची फाइल वाचेल, जिथे आडवं चिन्ह दिसेल तिथे खरीखुरी आडवी रेघ ओढेल, उभं दिसलं की उभी. मग दुसरी फाइल वाचून नावं त्या त्या जागी ठेवेल. मी दहा ओळी पाठवते, बाकी तुम्ही लिहा."

दंतवैद्याचा आर्किटेक्ट, खिडकीतल्या बाई आणि स्वतःची पत्नी, या तिघांना एकदम उत्तर देण्याची ही संधी होती. प्रोग्राम शिकायला त्यांना अडचण आली नाही. त्यांना अडचण आली ती इतरांनी त्यांना शिकू देण्यात. वहिनींच्या मते टेबल हे जेवणाचं होतं. विमा एजंट जिन्यात भेटून रोज विचारत, "झालं का मशीन तयार?" आणि दंतवैद्यांनी एकदा नुसतं "आर्किटेक्टचा नंबर हवा असेल तर सांगा" असं म्हटलं, ते रकानेसाहेबांना शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

पहिली पीडीएफ निघाली तेव्हा रेघा सलग आल्या होत्या. अगदी रुळासारख्या. पण नावांच्या जागी काळे चौकोन होते. इमारतीत पाच काळे चौकोन राहतात असं दिसत होतं. आणि गच्चीवरची टाकी पानाच्या तळाशी, तर रस्ता वर आभाळात होता.

"चौकोन म्हणजे फॉन्ट नाही," मुलगी फोनवर म्हणाली. "तो मी पाठवते. आणि उलटं आलं, कारण पीडीएफमध्ये पानाचं शून्य खाली असतं. खालच्या डाव्या कोपऱ्यात. आपण वरून खाली मोजतो, ते खालून वर मोजतात."

रकानेसाहेबांना हे पटायला वेळ लागला. जन्मभर त्यांनी कागदाला वरून सुरुवात केली होती. वर तारीख, मग विषय, मग महोदय. खालून सुरुवात करणारा माणूस आधी सही करतो आणि मग काय लिहायचं ते ठरवतो. असे साहेब त्यांनी पाहिले होते, पण त्यांच्यावरून कुणी नियम केला असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"म्हणजे काय करू?"

"पानाच्या उंचीतून वजा करा. दोन ठिकाणी, बाबा. रेघा काढता त्या ओळीत एकदा आणि नावं ठेवता त्या ओळीत एकदा."

"दोन ओळी," रकानेसाहेब म्हणाले. "एवढं तर मी झोपेतही करीन."

त्यांनी जागेपणी पहिली ओळ बदलली. रेघांची. दुसरीवर बोट ठेवलंच होतं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अहो, पाणी आलंय. धार जाड आहे. बादल्या लावा आधी."

चौथ्या मजल्यावर जाड धार ही काही रोजची गोष्ट नव्हती. रकानेसाहेब उठून धावले. बादल्या भरल्या, पिंप भरलं, पातेली भरली, ओळीने लावलेले पेलेही भरले. हात पुसत परत आले, प्रोग्राम चालवला, तर पडद्यावर इमारत सरळ उभी होती. टाकी वर, रस्ता खाली. नावांच्या जागी फॉन्टअभावी अजून काळेच चौकोन होते, आणि काळे चौकोन उलटे झालेत की सरळ हे कुणालाही सांगता येत नाही. रकानेसाहेबांनी समाधानाने लॅपटॉप मिटला. दुसरी ओळ जशी होती तशी राहिली.

दुसऱ्या दिवशी फॉन्ट आला. चौकोनांची नावं झाली. इमारतीचे मजले सारख्या उंचीचे नसते, तर नावं कुठेतरी रेघेवर आपटली असती आणि घोटाळा तिथेच दिसला असता. पण बांधणाऱ्याने सगळे मजले मोजून एकसारखे बांधले होते. त्यामुळे रेघा सरळ आणि नावं उलट्या क्रमाने, तरी प्रत्येक नाव एकेका चौकटीत अगदी मधोमध जाऊन बसलं. सगळ्यात वर, टाकीखाली, "तळमजला, दंतवैद्य". सगळ्यात खाली, जाड रेघ जिथे शिरते तिथे, "चौथा मजला, सेक्रेटरी", आणि शेजारी वहिनींचं नाव.

रकानेसाहेबांनी ही पीडीएफ भिंग घेऊन तपासली. त्यांनी प्रत्येक सांधा पाहिला. आडवी आणि उभी रेघ भेटते तिथे केसाएवढीही फट नव्हती. इतके दिवस रेघांसाठी जीव टाकला होता, म्हणून ते रेघाच पाहत राहिले. नावं त्यांना पाठ होती. पाठ असलेली गोष्ट कोण वाचतं?

खात्याला सगळ्या रहिवाशांच्या सह्या हव्या होत्या. म्हणून छापील प्रत घेऊन ते पुन्हा घरोघर गेले, आणि प्रत्येकाने नकाशात जे पाहायचं तेच पाहिलं: स्वतःचं नाव.

"माझी चौकट बाकीच्यांएवढीच कशी?" दंतवैद्य म्हणाले. "दवाखाना आहे."

"डॉक्टर, चौकटी सगळ्यांच्या सारख्या आहेत."

"असू दे. 'दंतवैद्य' मात्र नीट लिहिलंय. आमच्या पाटीवरसुद्धा चुकलंय ते." आणि त्यांनी टाकीच्या शेजारी झोकदार सही केली.

गणिताच्या बाईंनी पट्टी आणली, रेघा समांतर आहेत हे तीन जागी तपासलं, "ठीक" असं म्हणाल्या आणि सही केली. हा शेरा त्या सहसा कुणाला देत नाहीत. विमा एजंटांनी बाथरूम मोठं झालं नाही म्हणून हळहळ व्यक्त केली. ते राहतात मधल्या मजल्यावर आणि त्यांचं नावही मधल्या चौकटीत होतं. त्या संपूर्ण नकाशात खरं असलेलं ते एकच घर. तिसऱ्या मजल्याच्या मालकांनी परगावाहून "चालेल" असं कळवलं. वहिनींनी कागद न बघताच सही केली. "मिळणार त्यांना," त्या म्हणाल्या, "मी कशाला बघू?"

मुदत संपायच्या आत पीडीएफ साइटवर चढली. खिडकीतल्या बाईंनी रेघा सलग आहेत का ते पाहिलं, एका नावावर बोट ठेवून ते निवडता येतं का ते पाहिलं, आणि "मंजूर" असा शिक्का उमटवला. अंगात ताप नाही एवढं पाहून डॉक्टर माणसाला निरोगी ठरवतो, त्यातलाच हा प्रकार.

सभेत रकानेसाहेबांचा पुष्पगुच्छ देऊन सत्कार झाला. दंतवैद्य म्हणाले, "आर्किटेक्टला जमलं नसतं." रकानेसाहेबांना हे वाक्य मिळालं आणि त्यांना वाटलं, आपल्या आयुष्याचा एक रकाना भरला.

मग एका सकाळी ते चहा पीत बसले असताना खिडकीबाहेर एक डोकं वर आलं.

ते खात्याच्या ठेकेदाराचं होतं. तो बांबूंच्या परांचीवर उभा होता आणि त्याच्या हातात जाड नळ होता. त्याने नमस्कार केला आणि विचारलं, "साहेब, भिंत कुठे फोडू?"

"इथे कशाला? थेट जोड तळमजल्याला आहे."

ठेकेदाराने खिशातून नकाशा काढून कठड्यावर पसरला. जाड रेघेवर बोट ठेवलं आणि ते सरकवत चौकटीत नेलं. "चौथा मजला, सेक्रेटरी. तुम्हीच ना?"

रकानेसाहेबांनी आपला नकाशा पहिल्यांदा वाचला.

"अहो, पण इथे चौथा मजला सगळ्यात खाली आहे," ते म्हणाले. त्यांना आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"ते मीही बघितलं. मला वाटलं, मोठ्या साहेबांची पद्धत असेल."

"चूक आहे ती. थांबा, मूळ फाइल आणतो. काही करू नका."

रकानेसाहेब आत गेले, लॅपटॉप उघडला, आणि ती दुसरी ओळ पाहिली. पानाच्या उंचीतून काहीही वजा झालेलं नव्हतं. ते तसेच जिना उतरून दंतवैद्यांना सांगायला धावले. पण दवाखान्यात दात कोरण्याच्या यंत्राचा आवाज चालू होता आणि दार आतून बंद होतं. ते वर आले तेव्हा भिंतीला भोक पडलेलं होतं. ठेकेदार असा माणूस होता, की त्याला थांबा म्हटल्यावरच वेग येत असे. आणि भोक कुठे पाडायचं हे त्याला वहिनींनी ओट्याशेजारी बोट ठेवून दाखवलं होतं.

नळ उघडला. धार अशी आली, की भांड्यातला चमचा उडून खिडकीवर आपटला. रस्त्यावरून थेट चौथ्या मजल्यावर, वाटेत कुणाकडेही न थांबता.

तळमजल्याला, नकाशात टाकीखालच्या चौकटीसाठी काढलेली, बारीक जोडणी मिळाली. त्या दिवशी दंतवैद्यांच्या खुर्चीत बसलेला माणूस तोंडात फेस घेऊन बराच वेळ बसून होता, असं ऐकिवात आहे.

रकानेसाहेब दुपारीच पाणीखात्यात गेले.

"नकाशात नावं उलटी पडली आहेत," ते खिडकीतल्या बाईंना म्हणाले. "माझ्याकडून चूक झाली."

"नकाशा मंजूर आहे."

"पण चुकीचा आहे."

"मंजूर नकाशा चुकीचा नसतो. मंजूर झाल्यावर इमारत चुकीची असते." बाईंनी हे अगदी शांतपणे सांगितलं. "नकाशा बदलायचा तर नवा अर्ज, पुढच्या योजनेत. नाहीतर इमारतीत दुरुस्ती करा. ते सोपं आहे."

"इमारतीत काय दुरुस्ती करणार?"

"डॉक्टर चौथ्या मजल्यावर राहायला जातील, तुम्ही तळमजल्यावर या. मग नकाशाप्रमाणे होईल. एक स्वयंघोषणापत्र लागतं, बस."

रकानेसाहेबांनी क्षणभर याचा खरोखर विचार केला, यावरून त्यांच्या मनाची अवस्था लक्षात यावी.

संध्याकाळी तातडीची सभा भरली. यावेळी टाळ्या नव्हत्या. सभेत "आम्हाला नको" म्हणून नकाशात घेतलं, असं दबक्या आवाजात बोललं जात होतं. दबक्या आवाजाचा एक फायदा असतो, तो सगळ्यांना ऐकू जातो. रकानेसाहेबांनी लॅपटॉप टेबलावर उघडला.

"मी काहीही लपवणार नाही," ते म्हणाले. "हा प्रोग्राम. यात रेघा वेगळ्या निघतात, नावं वेगळी. पीडीएफमध्ये पानाचं शून्य खाली असतं. म्हणून दोन ओळींत उंचीतून वजा करावं लागतं. मी एकीत केलं. दुसरीत राहिलं. त्यामुळे रेघा सरळ आल्या आणि नावं उलटी."

विमा एजंटांनी वाकून पडदा पाहिला.

"आणि ती राहिलेली ओळ," विमा एजंट म्हणाले, "नेमकी अशी राहिली, की जाड नळ तुमच्या ओट्यावर आला."

"योगायोग."

"मी योगायोगावरच पोट भरतो साहेब. इतका चांगला योगायोग आमची कंपनी देत नाही."

दंतवैद्य रागावलेले नव्हते. तेच जास्त वाईट होतं. "हे बघा," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण सांगतो, की मी रोज दोनदा दात घासतो. मी तोंडात बघत असतो आणि 'हो का' म्हणत असतो. तुम्ही सांगा, मी 'हो का' म्हणतो."

"डॉक्टर, मी मूर्खपणा केला. लबाडी नाही केली."

"एवढं कमी लेखू नका स्वतःला."

रकानेसाहेबांची शेवटची आशा गणिताच्या बाई होत्या. वजाबाकी, पानाची उंची, उलटा क्रम, हे कळणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी लॅपटॉप जवळ ओढला, चष्मा लावला, दोन्ही ओळी वाचल्या, आणि कागदावर एक छोटीशी आकडेमोड करून पाहिली. रकानेसाहेब परीक्षेला बसल्यासारखे उभे होते.

"हे म्हणतात ते बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या ओळीत वजाबाकी नाही, म्हणून नावं उलटी."

रकानेसाहेबांनी श्वास सोडला.

"पण मी जन्मभर चुका तपासल्या," बाई पुढे म्हणाल्या. "खरी चूक अशी नसते. खऱ्या चुकीत कुठेतरी शाई सांडलेली असते, एखादं नाव बाहेर लटकत असतं. इथे प्रत्येक नाव चौकटीत मधोमध आहे. इतकी सुबक चूक मुद्दाम केल्याशिवाय होत नाही." त्यांनी चष्मा काढला. "पैकीच्या पैकी देते मी."

खोलीत जो आवाज उठला तो निषेधाचा नव्हता. रकानेसाहेबांनी चहूबाजूंना पाहिलं. सगळे त्यांच्याकडे एका नव्याच नजरेने बघत होते, आणि त्या नजरेत आदर होता. इतकी वर्षं सरळ वागून जो त्यांना कधी मिळाला नव्हता, तोच.

"मी राजीनामा देतो," ते म्हणाले.

"ते आता शक्य नाही," दंतवैद्य म्हणाले. "शेजारच्या इमारतीने सामायिक भिंतीवरून भांडण सुरू केलंय. त्यातही नकाशा द्यावा लागणार. असा माणूस आपल्याकडे असताना आपण त्याला मोकळा सोडायचा? उद्या ते घेतील. माझ्या खुर्चीसाठी मी दवाखान्यातच एक छोटी टाकी बसवतो, पण सेक्रेटरी हेच. मी नाव सुचवतो."

विमा एजंटांनी अनुमोदन दिलं. ठराव एकमताने झाला. रकानेसाहेबांनी विरोधात हात वर केला, तो विनय म्हणून सोडून देण्यात आला.

चार मजले चढून ते घरी आले. ज्याला कुणी मूर्खही मानायला तयार नाही, त्या माणसाची ती चाल होती. दारातच त्यांना पाण्याचा आवाज ऐकू आला. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. भांडी केव्हाच धुऊन झाली होती, त्या नुसत्याच नळाखाली हात धरून उभ्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. तसं पाहून त्यांना बरीच वर्षं झाली असावीत, कारण रकानेसाहेबांना ती नजर ओळखायला क्षणभर वेळ लागला.

"मी तुम्हाला काय काय बोलले. आणि तुम्ही सगळ्यांसमोर नको म्हणून गप बसलात, आणि मनात हे होतं. मला तरी सांगायचं."

रकानेसाहेबांनी तोंड उघडलं. खाली सभेत ते सगळं सांगून आलेच होते. पानाचं शून्य, पहिली ओळ, दुसरी ओळ, बादल्या. तेच इथेही सांगायचं होतं, आणि इथे ते खरं मानलं गेलं असतं. वहिनींनी आजवर त्यांच्या मूर्खपणावर कधीच संशय घेतला नव्हता.

"कसं केलंत पण?" वहिनींनी विचारलं. "अवघड असेल ना?"

नळाची धार जोरात चालू होती. रकानेसाहेबांनी पुढे होऊन ती थोडी कमी केली.

"छे," ते म्हणाले. "एका ओळीचं तर काम."